मालकीचे शब्द, भावाचे शब्द

मुंबई शेअर बाजारात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या एका शेअरला २ लाख ३६ हजार २५० रुपये भाव मिळाला. त्याआधीचा नोंदलेला भाव होता ३ रुपये ५३ पैसे. बातमी देशभर गाजली, आणि आपल्याकडे हा शेअर नव्हता म्हणून अनेकजण हळहळले. पण त्या दिवशी कंपनीत नवं काहीच घडलं नव्हतं. एशियन पेंट्सचे हजारो कोटी रुपयांचे शेअर ती वर्षानुवर्षं बाळगून होती, आदल्या दिवशीही होती. तिचे स्वतःचे एकूण शेअर फक्त दोन लाख. ३ रुपये ५३ पैशांनी गुणलं तर सगळी कंपनी ७ लाख ६ हजार रुपयांना पडते, म्हणजे एका साध्या मोटारीच्या किमतीत! अर्थातच त्या भावाला विकायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सौदे होत नव्हते, आणि सौदे होत नव्हते म्हणून जुना आकडा तसाच दिसत राहिला होता. अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी भावाची मर्यादा न लावता खास लिलाव घ्यावा, असं शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं जून २०२४मध्ये ठरवलं. तो लिलाव झाला आणि आकडा बदलला.

शेअर बाजारात नव्यानं येणाऱ्याला शंभर शब्दांची यादी पाठ करायला देण्यापेक्षा हे एक उदाहरण नीट समजावून द्यावं, असं मला वाटतं. कारण या बाजारातले शब्द दोन कुळांतले आहेत. एक कूळ मालकीचं: कंपनीत आपला वाटा किती, तिच्या नफ्यातलं आपल्याला काय मिळणार, आपलं मत चालतं का, हे सांगणारं. दुसरं कूळ भावाचं: या क्षणी कोण कितीला घ्यायला आणि कोण कितीला द्यायला तयार आहे, एवढंच सांगणारं. मराठीत ही दोन कुळं कानालाही वेगळी लागतात. समभाग, भागधारक, भागभांडवल, लाभांश हे संस्कृत वळणाचे, कागदोपत्री घडवलेले शब्द. सौदा, वायदा, दलाल हे फारसी-अरबीच्या वाटेनं पेठेत आलेले आणि तिथेच रुळलेले. नवख्या माणसाचं जे नुकसान होतं त्याचा मोठा भाग एका कुळातला शब्द दुसऱ्या कुळातला समजण्यातून होतो, हे या लेखाचं म्हणणं आहे. देशातल्या डिमॅट खात्यांची, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याच्या खात्यांची, संख्या २०२५मध्ये २० कोटींच्या पुढे गेली, आणि राष्ट्रीय शेअर बाजाराकडे नोंदलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. त्यामुळे हा गोंधळ आता मूठभर लोकांपुरता राहिलेला नाही.

मालकीपासून सुरुवात करू. ग्रामीण महाराष्ट्राला ‘शेअर’ हा शब्द ठाऊक झाला तो दलाल स्ट्रीटमुळे नाही, सहकारी साखर कारखान्यामुळे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेच्या पट्ट्यात कारखाना उभा राहिला, मग तसेच कारखाने राज्यभर झाले, आणि ‘आपला कारखान्यात शेअर आहे’ हे वाक्य घराघरात आलं. त्या शेअरचा अर्थ सभासदत्व, ऊस घालण्याचा हक्क आणि वार्षिक सभेत एक मत. दहा शेअर असले तरी मत एकच. त्या शेअरचा रोज सकाळी भाव निघत नाही, आणि तो कमी झाला म्हणून कुणाची झोप उडत नाही. म्हणजे शुद्ध मालकी काय असते हे आपल्या शेतकऱ्यानं कित्येक पिढ्या अनुभवलं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा शेअर दोन बाबतींत निराळा: तिथे जितके शेअर तितकी मतं, आणि आपला वाटा आपण कामकाजाच्या कुठल्याही दिवशी अनोळखी माणसाला विकू शकतो. ही दुसरी सोय फार मोठी आहे. पण तिच्याबरोबर भाव येतो, आणि भाव डोळ्यांसमोर आला की मालकी नजरेआड होते.

मालकीच्या कुळातला सर्वांत गैरसमजाचा शब्द म्हणजे दर्शनी किंमत, बाजारात जिला फेस व्हॅल्यू म्हणतात. कंपनीच्या भागभांडवलाचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्याला दिलेली ही हिशेबाची किंमत. एक, दोन, पाच किंवा दहा रुपये अशी. बाजारभावाशी तिचा काहीही संबंध नसतो. पण लाभांश जाहीर होतो तो बहुधा या दर्शनी किमतीच्या टक्क्यांत. ‘कंपनीनं ५०० टक्के लाभांश दिला’ हे ऐकून नवा माणूस चकित होतो. दर्शनी किंमत एक रुपया असेल तर ५०० टक्के म्हणजे पाच रुपये. तोच शेअर बाजारात हजार रुपयांना घेतलेला असेल तर घेणाऱ्याच्या पैशावर परतावा पडला अर्धा टक्का, बचत खात्यावरच्या व्याजापेक्षाही कमी. शिवाय लाभांशाच्या ‘एक्स’ तारखेला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढ्याच रकमेनं उतरून उघडतो. कंपनीच्या तिजोरीतून पैसे बाहेर गेले, तेव्हा कंपनीची किंमत तेवढी कमी होणारच. बोनस आणि स्प्लिटचंही तसंच. एकास एक बोनस मिळाला की शंभराचे दोनशे शेअर होतात आणि भाव निम्म्यावर येतो. स्प्लिटमध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच होतात, भाव पाचव्या हिश्श्यावर. भाकरीचे चतकोर केले म्हणून पीठ वाढत नाही. तरीही बोनसच्या बातमीवर उड्या पडतात, कारण मालकीतला वाटा जसाच्या तसा राहिला असताना शेअरची संख्या वाढलेली दिसते.

आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली जाहीर भागविक्री, हा शब्द ऐकला की ‘कंपनी लोकांकडून भांडवल उभारते आहे’ असं आपण गृहीत धरतो. ते नेहमी खरं नसतं. कंपनी नवे शेअर काढते तेव्हा पैसा कंपनीत जातो. जुने मालक आपले शेअर विकतात तेव्हा तो त्यांच्या खिशात जातो, त्याला ऑफर फॉर सेल म्हणतात. मे २०२२मधला आयुर्विमा महामंडळाचा, एलआयसीचा, सुमारे २१ हजार कोटींचा आयपीओ संपूर्णपणे दुसऱ्या प्रकारचा होता: केंद्र सरकारनं आपला साडेतीन टक्के हिस्सा विकला, महामंडळाच्या तिजोरीत त्यातला रुपयाही आला नाही. ९४९ रुपयांना दिलेला शेअर १७ मे रोजी मुंबई बाजारात ८६७ रुपयांच्या आसपास उघडला. पॉलिसीधारकांना ६० रुपयांची सवलत होती, म्हणून असंख्य घरांतून आयुष्यातला पहिला अर्ज याच आयपीओसाठी गेला. त्यातल्या अनेकांनी माहितीपत्रकापेक्षा ‘ग्रे मार्केट प्रीमियम’ विचारला असणार, कारण आजही प्रत्येक आयपीओच्या वेळी पहिला प्रश्न तोच असतो. हा प्रीमियम म्हणजे नोंदणीआधी बाजाराबाहेर चालणाऱ्या अनधिकृत सौद्यांचा भाव. त्यावर सेबीचं नियंत्रण नाही आणि तो कोण ठरवतं ते तपासण्याची सोय नाही. मालकी घ्यायची की नाही हा प्रश्न समोर असताना भाव विचारण्याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

आता भावाकडे वळू, कारण इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. मोबाइलवर कंपनीचं नाव टाकल्यावर ठळक अक्षरांत जो आकडा दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो होऊन गेलेला आहे. त्या भावाला तुम्हाला शेअर मिळेलच असं नाही. खरा बाजार त्याखाली, मार्केट डेप्थ या नावाच्या छोट्या तक्त्यात असतो. डावीकडे घेणाऱ्यांच्या सर्वांत वरच्या पाच बोली, उजवीकडे विकणाऱ्यांच्या सर्वांत खालच्या पाच मागण्या. समजा, एका छोट्या कंपनीचा शेवटचा सौदा १०० रुपयांना झाला आहे, आणि उजव्या बाजूला १०२ रुपयांना ५०, १०४ला १०० आणि १०९ला साडेतीनशे शेअर विक्रीला आहेत. तुम्ही २०० शेअरची ‘मार्केट ऑर्डर’ टाकली, म्हणजे ‘मिळेल त्या भावाला घे’ असं सांगितलं, तर ५० शेअर १०२ला, १०० शेअर १०४ला आणि उरलेले ५० शेअर १०९ला येतील. एकूण २० हजार ९५० रुपये, सरासरी १०४ रुपये ७५ पैसे. पडद्यावर १०० दिसत होते आणि एका बोटाच्या स्पर्शात पावणेपाच टक्के गेले. ‘लिमिट ऑर्डर’ टाकून १०२ ही कमाल सांगितली असती तर ५० शेअर मिळाले असते आणि बाकीची ऑर्डर रांगेत थांबली असती. बोली आणि मागणी यांतल्या फटीला स्प्रेड म्हणतात आणि ही फट जिथे बारीक असते, रांग जिथे लांब असते, त्या शेअरमध्ये तरलता आहे असं म्हणतात. एल्सिडमध्ये नेमकी तीच नव्हती.

भावाबद्दलचा दुसरा भ्रम म्हणजे कमी भावाचा शेअर स्वस्त असतो. एमआरएफचा शेअर जून २०२३मध्ये एक लाख रुपयांच्या वर गेला, भारतातला असा पहिला. कंपनीचे एकूण शेअर सुमारे ४२ लाख ४१ हजार. लाखाचा भाव धरला तर सगळी कंपनी होते ४२ हजार ४०० कोटींची. उलट व्होडाफोन आयडियानं एप्रिल २०२५मध्ये सरकारला थकबाकीच्या बदल्यात शेअर दिले, त्यानंतर तिच्या शेअरची संख्या १० हजार ८०० कोटींच्या घरात गेली. भाव सात रुपये धरला तरी गुणाकार येतो ७५ हजार कोटींच्या वर. म्हणजे सात रुपयांचा शेअर असलेली कंपनी लाख रुपयांचा शेअर असलेल्या कंपनीपेक्षा मोठी ठरते! या गुणाकाराला बाजारमूल्य किंवा मार्केट कॅप म्हणतात. कुठली कंपनी महाग आणि कुठली स्वस्त हे एका शेअरच्या भावावरून कधीच कळत नाही. ‘दहा रुपयांचा आहे, वीसचा व्हायला काय लागतं’ हा हिशेब त्यामुळेच फसवा आहे. वीसचा होण्यासाठी बाजारानं ती अख्खी कंपनी दुप्पट किमतीची मानावी लागते.

सेन्सेक्सच्या अंकांचंही तेच. सेन्सेक्स म्हणजे मुंबई बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजलेला; निफ्टी राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० कंपन्यांचा. हर्षद मेहता या दलालाच्या रोखे घोटाळ्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर २८ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला, तेव्हा ती घसरण जवळपास १३ टक्क्यांची होती. सेन्सेक्स ८० हजारांवर असताना तेच ५७० अंक म्हणजे पाऊण टक्काही नाही. लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ला, तो चार हजारांहून जास्त अंकांनी, पावणेसहा टक्क्यांच्या आसपास घसरला आणि ‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले’ असे मथळे झाले. एवढी रोकड कुणाच्या खिशातून गेली नव्हती आणि कुणाच्या खिशात आलीही नव्हती. शेवटच्या सौद्यांचा भाव सगळ्याच शेअरना लावून केलेला तो गुणाकार होता. ज्यांनी त्या दिवशी काही विकलं नाही, त्यांचा कंपन्यांतला वाटा संध्याकाळी सकाळइतकाच होता.

दोन्ही कुळांना जोडणारा एक शब्द आहे, पीई. भाव भागिले प्रतिशेअर नफा. शेअर ३०० रुपयांना आणि कंपनीचा वर्षाचा नफा शेअरमागे १५ रुपये असेल तर पीई २०. आजचाच नफा कायम राहिला तर भावाइतकी रक्कम कंपनी २० वर्षांत मिळवेल, एवढाच त्याचा अर्थ. नफा दरवर्षी वाढत असेल तर २० कमी ठरतो आणि आटत असेल तर पाचसुद्धा जास्त. पोलाद, साखर, सिमेंट यांसारख्या वरखाली होणाऱ्या धंद्यांत पीई सर्वांत कमी दिसतो तो बहुधा नफा शिखरावर असताना, आणि पुढच्याच वर्षी नफा कोसळतो. पण भाव आणि मालकी एकाच अपूर्णांकात वर-खाली मांडायला लावतो म्हणून हा शब्द लवकर शिकावा.

इथपर्यंत भावाचे शब्दही मालकी घेण्यासाठीच वापरले. ट्रेडिंगमध्ये मालकी बाजूला पडते. इंट्राडे म्हणजे सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळात घेणं आणि त्याच दिवशी विकून मोकळं होणं. शेअर डिमॅट खात्यात येतच नाही. आधी विकून मग घेता येतं, त्याला शॉर्ट करणं म्हणतात. मार्जिन म्हणजे सौद्याच्या पूर्ण रकमेऐवजी ठेवायची अनामत. इंट्राडेसाठी ती किमान २० टक्के, म्हणजे एक लाखात पाच लाखांचा सौदा. भाव चार टक्के उलटा गेला तर २० हजार गेले, आपल्या पैशाचा पाचवा हिस्सा, एका दिवसात. नुकसान आटोक्यात ठेवायला स्टॉपलॉस लावतात, पण तो शब्द वाटतो तितका भक्कम नाही. ५०० रुपयांच्या शेअरला ४८०चा स्टॉपलॉस आणि ४७८ची किमान मर्यादा लावून ठेवली, आणि अचानक वाईट बातमी येऊन शेअर एकदम ४४०वर घसरला, तर ऑर्डर जागी होईल पण ४७८ला घेणारा कुणी नसेल. तो ४८० कुणी हमी दिलेला भाव नव्हता, ती केवळ विक्रीची सूचना होती. आता मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटीचा, एमटीएफचा, बोलबाला आहे. यात शेअर खात्यात येतो, म्हणजे डिलिव्हरी होते, पण दलालाच्या उसन्या पैशानं, रोजच्या व्याजावर. नाव डिलिव्हरीचं, स्वभाव सट्ट्याचा, म्हणून नवख्या माणसानं याच्यापासून जास्त जपावं.

मालकीपासून सर्वांत दूर गेलेले शब्द वायदे बाजारातले आहेत: फ्युचर्स आणि ऑप्शन्स, एफ अँड ओ. ऑप्शनचं एक उदाहरण बारकाईनं पाहू. निफ्टी २४ हजार ९५०वर आहे. तो वाढेल असं तुम्हाला वाटतं, म्हणून तुम्ही २५ हजारांचा ‘कॉल’ घेतला, म्हणजे ठरलेल्या तारखेला निफ्टी २५ हजारांच्या वर जितका असेल तितका फरक मिळवण्याचा हक्क. त्या हक्काची किंमत, प्रीमियम, १२० रुपये आणि लॉट, म्हणजे सौद्याचा किमान गठ्ठा, ६५चा असं समजू. खर्च ७ हजार ८०० रुपये, म्हणजे साध्या मोबाइलच्या पैशात १६ लाखांच्या सौद्यावर हक्क. मुदत संपली त्या दिवशी, एक्स्पायरीला, निफ्टी २५ हजार ८०वर बंद झाला. तुमचा अंदाज बरोबर आला, निर्देशांक १३० अंकांनी वर गेला. तुमच्या हाती आले ८० गुणिले ६५, म्हणजे ५ हजार २०० रुपये. दलाली आणि कर सोडून २ हजार ६०० रुपयांचा तोटा. अंदाज खरा ठरूनही पैसे गेले, कारण ऑप्शन घेणारा दिशेबरोबर वेळही विकत घेतो, आणि वेळ रोज संपत असते. ती वेळ विकणारा समोर कोण असतो, हे नवा माणूस विचारत नाही.

सेबीनं ते विचारलं आणि आकडे प्रसिद्ध केले. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाख. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का. त्याच काळात दलाली, शुल्कं आणि करांपोटी या लोकांनी सुमारे ५० हजार कोटी मोजले. २०२३-२४मध्ये नफा गेला तो स्वतःच्या भांडवलावर व्यापार करणाऱ्या संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार यांच्याकडे, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकीय प्रणालींनी केलेल्या सौद्यांतून. नोव्हेंबर २०२४पासून सेबीनं सौद्याचं किमान मूल्य ५ लाखांवरून १५ लाखांवर नेलं, साप्ताहिक एक्स्पायऱ्या कमी केल्या. तरी २०२४-२५च्या पाहणीत तोटा सोसणारे ९१ टक्केच निघाले आणि त्या वर्षीचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे गेला. रोखीच्या इंट्राडेतही चित्र वेगळं नाही: २०२२-२३मध्ये दहांतल्या सातांना तोटा झाला आणि तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होतं. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा निराळा आहे. एफ अँड ओमध्ये व्यवहार करणाऱ्या चारांतल्या तिघांचं जाहीर केलेलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं. हा पैसा घरखर्चातून, शिक्षणाच्या तरतुदीतून, कधी कर्जातून आलेला असणार.

यावर पहिला आक्षेप असा की वायदे वाईट नसतात. बरोबर आहे. ज्याच्याकडे ५० लाखांचे शेअर आहेत त्यानं निवडणुकीच्या तोंडावर ‘पुट’, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, घेऊन घसरणीचा विमा उतरवला, तर तो शहाणपणाचा व्यवहार आहे, आणि असे सौदे होण्यासाठी समोर जोखीम घेणारेही लागतात. पण विमा उतरवायला आधी घर असावं लागतं. हातात मालकी नसताना घेतलेल्या पुटला हेजिंग, म्हणजे जोखमीपासून संरक्षण, म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप, काहीजण कमावतातच ना? कमावतात, सेबीचे आकडेही तेच सांगतात. मात्र तो पूर्ण वेळचा पेशा आहे, भांडवल आणि यंत्रणा लागणारा, आणि त्यात उतरणाऱ्यानं आपण पेशा पत्करतो आहोत हे जाणून उतरावं; ‘गुंतवणूक करतो’ म्हणून उतरू नये. आयकर खातंही हा फरक करतं. शेअर घेऊन ठेवले आणि विकले तर तो भांडवली नफा: वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के, त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. इंट्राडे आणि एफ अँड ओचं उत्पन्न मात्र धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. इंट्राडेच्या उत्पन्नाला तर कायदा सरळ ‘सट्टा’ याच सदरात टाकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मालकी घेऊन बसलेले तरी कुठे सुरक्षित असतात? नसतात, आणि हे लपवणारा लेखक वाचकाचं भलं करत नाही. दिवाण हाउसिंग फायनान्सची दिवाळखोरी २०२१मध्ये निकाली निघाली तेव्हा ठेवीदार आणि कर्जदात्यांना काही हिस्सा मिळाला; भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य ठरून ते रद्द झाले. मालक याचा अर्थ रांगेतला शेवटचा माणूस. कामगार, सरकार, बँका, ठेवीदार यांचं देऊन उरलं तर त्याचं. नफा वाढला तर सगळी वाढ त्याची, आणि कंपनी बुडाली तर आधी तोच बुडतो. म्हणून मालकी एका कंपनीत अडकवू नये, अनेक कंपन्यांत पसरावी. ज्याला कंपन्यांचे ताळेबंद वाचायला वेळ नाही त्याच्यासाठी निर्देशांकावर चालणारे म्युच्युअल फंड आहेत. निफ्टीच्या पन्नास कंपन्यांतली मालकी तिथे थोड्या रकमेतही मिळते. असा फंड घेणाऱ्याला मग या शब्दांचा काय उपयोग, असंही विचारलं जातं. उपयोग आहे, कारण फंड घेतलेल्या माणसाच्या फोनवरही ‘खात्रीशीर परताव्या’चे आणि टेलिग्रामवरच्या ‘कॉल’चे, म्हणजे खरेदी-विक्रीच्या सल्ल्यांचे, संदेश येतच राहतात. त्यातला शब्द कुठल्या कुळातला आहे हे ज्याला ओळखता येतं, त्याला संदेश पाठवणारा काय विकतो आहे तेही कळतं.

दलालाच्या ॲपमध्ये खरेदीचं बटण दाबण्याआधी एका ओळीत दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात: डिलिव्हरी आणि इंट्राडे. कुठला निवडला आहे ते प्रत्येक वेळी थांबून पाहा. खातं उघडताना एफ अँड ओची सोय सुरू करायची का, हे वेगळं विचारलं जातं आणि त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा वेगळा मागितला जातो. ती सुरू करणं सक्तीचं नाही. ती न मागताही डिमॅट खातं पूर्ण चालतं, शेअर घेता येतात, लाभांश येतो, आणि मतदानाचा हक्कही मिळतो.